डावी खिडकी

मुंबई ते कोलकाता सोळाशे पन्नास किलोमीटर,
वेळ अडीच तास, वारा पाठीशी असला तर दहा मिनिटं कमी.
एवढं तिकिटावर कळतं.
तासाभराने डाव्या हाताला नागपूर येतं, हे तिकिटावर नसतं,
आणि नागपुरात मी असतो,
सोनेगावला, एका बिनखिडकीच्या खोलीत,
कानाला हेडफोन लावून.

रेवती आदल्या रात्री कळवते : बाबा, चौदा ए.
साडेतीनशे जास्तीचे मोजून डावी खिडकी घेते.
खाली लिहिते, "तुमच्याजवळून जाऊन राहिली मी."
ही बोली तिने फक्त माझ्यापुरती ठेवलेली आहे.
कोलकात्यात आईशी बंगालीत भांडते,
वसतिगृहात हिंदीत उधारी मागते.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा कोर्टाने सुट्ट्या वाटल्या :
दिवाळी इकडे, पूजा तिकडे, उन्हाळा अर्धा अर्धा.
आंब्याच्या पेटीसारखं मोजून.
आकाशाचा विषय कुणी काढला नाही,
वकिलांनाही सुचलं नाही.
ते माझ्याकडेच राहिलं.

पडद्यावर ती हिरवा ठिपका असते.
ठिपक्याशेजारी आकडे, उंची, वेग.
एकशे ऐंशी माणसं एका नंबरात मावतात
आणि मिनिटाला चौदा किलोमीटर सरकतात.
अकोल्याशी ती माझ्याकडे येते,
रायपूरच्या पुढे मी तिला पुढच्या माणसाच्या हवाली करतो.
मधली चौतीस मिनिटं.
फोनवर ती एवढा वेळ कधी थांबलेली नाही.

बोलतो मी वैमानिकाशी.
तो नमस्कार म्हणतो, मी नमस्कार म्हणतो,
त्यानंतर सगळे आकडेच.
प्रत्येक शब्द नोंदला जातो, सहा जण कधीही ऐकू शकतात.
तरी तिचा नंबर उच्चारताना
मी शेवटचा आकडा जरा सावकाश म्हणतो.
याला नियमात हरकत नाही.
मी पाहून घेतलंय.

गेल्या बुधवारी तिने सीट नंबर कळवला नाही.
"आईचं ऑपरेशन आहे. सकाळचं पहिलं विमान. बाकी नंतर."
शर्मिष्ठाचं काय, कुठलं, हे विचारण्याचा हक्क
मी किती वर्षांपूर्वी सोडला, ते मोजत बसलो
तोवर ठिपका आला.
वैमानिक म्हणाला, पुढे मोकळं असेल तर सरळ मिळेल का?

सरळ दिलं की वळण कापलं जातं,
दोन मिनिटं वाचतात.
वाचतात म्हणजे माझ्या चौतिसातून जातात.
मी पडदा पाहिला. मोकळा होता.
खरं तर इतका मोकळा की लाज वाटावी.
शेजारच्या खुर्चीतून उईके म्हणाला,
"देऊन टाक ना बे."
त्याला काही माहीत नव्हतं. किंवा सगळंच असेल.
मी दिलं.

ठिपक्याने नाक किंचित वळवलं,
जसं हाक ऐकून कुणी वळतं, पण उलट दिशेला.
बत्तीस मिनिटांनी तो पडद्याच्या कडेला गेला
आणि मी रोजच्या आवाजात म्हटलं,
पुढच्या क्षेत्राशी संपर्क करा, शुभ दिवस.

सुट्टीत बाहेर आलो. पार्किंगमध्ये ऊन उभं होतं,
एक कुत्रं माझ्याच स्कूटरच्या सावलीत.
मोबाईल वाजला :
"पोचली. विमान आधी आलं, पण उभं करायला जागाच नाही.
पंधरा मिनिटं आतच बसवून ठेवलंय.
आईला अजून आत नेलं नाही, मावशी म्हणाली.
डावीकडे नुसते ढग होते, बाबा."

मी लिहिलं : इकडे स्वच्छ होतं.
मग ते पुसलं, आणि लिहिलं :
आईला सांग, मी विचारलं.

चहा अर्धा ठेवून आत गेलो.
पश्चिमेकडून कुणाचा तरी नंबर येत होता.
नमस्कार, मी म्हणालो.